फ्रेमपुरतं गटार

चारचौघांत मी त्याला 'हे' म्हणते. दारात कुणी आलं तर 'साहेब आंघोळीला गेलेत, बसा' असंही म्हणते. इथे मात्र मी त्याला 'तो' म्हणणार आहे. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, एवढी सवलत मला मिळायला हरकत नाही.

तो म्हणजे माझा नवरा. आधी पेपरचा फोटोग्राफर, मग आमच्या नगरपंचायतीचा उपनगराध्यक्ष. आमचं गाव कोल्हापूरपासून एसटीनं तासाभरावर. गावाला नगरपंचायत आली, मुख्य रस्त्याला दुभाजक आला, दुभाजकात झाडं लावली आणि ती म्हशींनी खाल्ली. एवढं सोडलं तर गाव होतं तसंच आहे. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर नाव त्याचं, आत काम माझं. माझ्या वडिलांचा गारगोटीत स्टुडिओ होता. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून लोकांच्या तोंडावरचे देवीचे व्रण घालवायला मी शाळेत असतानाच शिकले. तो मला बघायला आला तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून भिंतीवरचे फोटोच बघत बसला. मधेच विचारलं, "हे रिटचिंग कुणी केलं?" वडिलांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला तेव्हा वाटलं, या माणसाला कामाची कदर आहे. कदर नव्हती, हिशेब होता. पण हे कळायला वेळ लागला.

खोटं कशाला सांगू, त्याला डोळा होता. एका पुराच्या साली बाजारपेठेत कमरेएवढं पाणी आलं. कॅमेरा डोक्यावर धरून तो पाण्यात शिरला आणि एक फोटो घेऊन आला. किराणा दुकानदार आपल्या काउंटरवर मांडी घालून बसलाय, डोक्यावर तराजू लोंबतोय, खालून पाणी वाहतंय आणि हा माणूस बशीतून चहा पितोय. इतका शांत, की पाणीच त्याच्याकडे उधारी मागायला आलंय असं वाटावं. पेपरनं छापला नाही. त्या जागी हेलिकॉप्टरच्या खिडकीतून खाली बघणाऱ्या मंत्र्याचा फोटो आला. यानं कोल्हापूरच्या ऑफिसात फोन केला, तर तिथल्या साहेबांनी विचारलं, तो दुकानदार आपल्याला जाहिरात देतो का. दुसरा एखादा माणूस चिडला असता. हा घरी येऊन हसत हसत मला ते सांगत होता, जणू कुणीतरी त्याला मंत्र दिला होता.

त्यानंतर तसा फोटो त्यानं काढला नाही. पूरग्रस्तांना मदत सुरू झाली तेव्हा एकेका ब्लँकेटला सात-आठ हात लागलेले फोटो तो आणायचा. ब्लँकेट घेणाऱ्या बाईचं तोंड कापलं गेलं तर चालायचं, देणाऱ्या कुणाचं कोपर कापलं तर घरी फोन यायचा. त्या फोनवर तो असा बोलायचा, जणू समोरच्याचं कोपर नव्हे, हात गेलाय.

एक दिवस जेवताना त्यानं मला सांगितलं, "चेअरमननी नारळ वर धरला हुता. माझी बॅटरी बदलायची हुती. मी हात वर केला, तर ते तसेच थांबले की. आख्खं स्टेज थांबलं." चेअरमन म्हणजे आमच्या भागातल्या साखर कारखान्याचे अध्यक्ष. गावातली सगळी पानं त्यांच्या इशाऱ्यावर हलायची. त्यांना याच्या बॅटरीसाठी थांबावं लागलं, हे त्याला इतकं गोड लागलं होतं, की त्या दिवशी त्यानं भाताला मीठ कमी आहे हेसुद्धा म्हटलं नाही. बॅटरीसाठी थांबलेले लोक आपल्यासाठी थांबले असं ज्याला वाटतं, तो माणूस राजकारणात जाणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याला लोकांच्या घरात शिरायची वाट मात्र माझ्या कामातून सापडली. आमच्या मागच्या गल्लीत एका जैन कुटुंबातली आजी वारली. आयुष्यभर दुकान आणि घर सांभाळलं, पण एकटीचा असा फोटो तिनं कधी काढून घेतलाच नव्हता. मुलगा स्टुडिओत आला आणि लग्नाचा एक जुना अल्बम माझ्यापुढे ठेवला. एका ग्रुप फोटोत आजी कडेला होती, अर्धं तोंड दुसऱ्या बाईच्या खांद्याआड. मी ते अर्धं तोंड कॉम्प्युटरवर उलटं करून दुसऱ्या बाजूला जोडलं, डोळ्यांतला सारखेपणा मोडला, पदर सारखा केला, मागे फिकट निळा रंग दिला. दोन दिवस लागले. फ्रेम करून झाल्यावर तो म्हणाला, मी पोचवतो. परत आला तो वेगळाच होऊन. "अगं, पाया पडली की म्हातारीची सून माझ्या," तो म्हणाला. तो फोटो मी केलाय, हे तिथं सांगायचं त्याला सुचलं नव्हतं.

त्यानंतर गावात कुणी गेलं, की दिवस घालायच्या आधी हा फ्रेम बगलेत मारून दारात हजर. पैसे घ्यायचा नाही. त्याच्याकडे वीस वर्षांचे फोटो होते. लग्नं, हळदीकुंकू, कुस्त्या, गणपती, ग्रामसभा. गावातला प्रत्येक माणूस त्यात कुठं ना कुठं उभा होता. मी शोधायची, कापायची, जोडायची. तो नेऊन द्यायचा आणि तिथं रडायचा. रडायला तो हळूहळू शिकला. आधी नुसता घसा खाकरायचा, मग चष्मा काढायला लागला, मग रुमाल आला. लोक म्हणायचे, माणूस लई मायाळू. त्याची स्वतःची आई गेली तेव्हा मी त्याला बघितलंय. तिरडी उचलल्यावर त्यानं मागं वळून गर्दी किती आहे ते बघितलं आणि माझ्या दिराला म्हणाला, पाटलांच्या टायमाला यापेक्षा जास्त हुती.

मग फ्रेमच्या खालच्या कडेला एक ओळ यायला लागली. ती टाकायला त्यानंच मला सांगितलं. बारीक अक्षरात त्याचं नाव आणि पुढे 'यांच्या सौजन्याने'. मी म्हटलं, मेलेल्या माणसाच्या फोटोवर हे बरं दिसत नाही. तो म्हणाला, बारीक टाक. म्हणजे लोक रोज सकाळी आपल्या आईबापाला उदबत्ती ओवाळायचे आणि धुराचा थोडा वाटा यालाही जायचा. नगरपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा चेअरमनच्या आघाडीनं त्याला आमच्या वॉर्डातून उभं केलं. त्याचं कारण साधं होतं. दोन मोठ्या घरांत तिकिटावरून भांडण होतं आणि दोघांनाही चालेल असा बिनकण्याचा माणूस हवा होता. प्रचारात त्यानं भाषण असं केलंच नाही. घरोघरी जायचा, भिंतीवरच्या फ्रेमपुढे हात जोडून उभा राहायचा आणि निघायचा. निवडून आला.

आता त्यानं काय काम केलं ते सांगते. आमच्या समोरच्या घरापुढून उघडं गटार जातं. उन्हाळ्यात वास, पावसाळ्यात पाणी थेट उंबऱ्याला. त्या घरात राहणारी शेजारीण आणि मी एकाच वर्षी या गल्लीत सून म्हणून आलो. तिचा नवरा कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. निवडून आल्यावर माझ्या नवऱ्यानं पहिलं काम म्हणून हे गटार घेतलं. सफाईची माणसं आणली, स्वतः गमबूट घातले, हातात खोरं धरलं. त्याच्या जागी पेपरसाठी फोटो काढणारा एक नवा माणूस आला होता, त्याला हा समोर उभा राहून शिकवत होता, कुठून काढ, किती काढ. घराच्या दारापासून विजेच्या खांबापर्यंतचं गटार स्वच्छ झालं. कारण फोटोत तेवढंच येत होतं. काढलेला सगळा गाळ खांबाच्या पुढं ढकलला होता. दुसऱ्या दिवशी 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो छापून आले. तिसऱ्या दिवशी तुंबलेलं पाणी उलटं फिरून शेजारणीच्या दारात आलं.

ती पेपर हातात घेऊनच स्टुडिओत आली. ओरडली नाही. म्हणाली, "वैनी, ह्या फोटोतलं गटार तेवढं आमच्या दारात आणून द्या की."

मी त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, निधी आला की बघू. निधी आला, त्यातून चौकात घड्याळाचा मनोरा झाला. घड्याळ बंद आहे, पण मनोऱ्यावर त्याचं नाव कोरलंय.

पुढच्या वर्षी चेअरमन आजारी पडले. छातीत दुखायला लागलं, कोल्हापूरला एका मोठ्या दवाखान्यात नेलं, आत घेतलं ते बाहेर बातमीच येईना. गावातले सगळे पुढारी दवाखान्याच्या आवारात जाऊन उभे राहिले. माझा नवराही गेला. संध्याकाळी परत आला तो दुःखात नव्हता, घाईत होता. दवाखान्याबाहेर पलीकडच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला फ्लेक्सवाल्याशी फोनवर बोलताना त्यानं ऐकलं होतं. सकाळी चहा पितापिता मला म्हणाला, "तू बोर्ड करून ठेव."

"कसला?"

"श्रद्धांजलीचा."

मी म्हटलं, "अवो, माणूस जिता हाय अजून."

"जिता हाय तवरच तयारी कराय पाहिजे," तो म्हणाला. "गेल्यावर समदेच करत्यात."

बोर्डावर चेअरमनचा हसरा फोटो मोठा आणि खाली कोपऱ्यात याचा, मान खाली घातलेला. तसा फोटो त्याच्याकडे नव्हता. आजवरचे सगळे छाती काढलेले. म्हणून आम्ही गच्चीवर गेलो. पांढरा शर्ट, ताजी इस्त्री. वाळत घातलेले पापड मला बाजूला सरकवावे लागले. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि मान खाली घालत म्हणाला, एवढी पुरे का. मी म्हटलं, पुरे. डोळ्यांत पाणी दिसतंय का, त्यानं विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की दिसत नाही. तेव्हा तो टाकीच्या नळाकडे गेला, बोटं ओली केली, दोन्ही डोळ्यांच्या कडांना लावून आला आणि परत मान खाली घातली. कोल्हापुरात तो माणूस नाकात नळ्या घालून श्वास घेत होता आणि इथं आमच्या गच्चीवर त्याच्या सुतकाचा फोटो निघत होता. मी बटण दाबलं. हसू आलं असतं तर बरं झालं असतं.

'आमचा आधारवड हरपला' असा मजकूर. छापून बोर्ड तयार झाला आणि फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दवाखान्याच्या आवारातून कुणाचा तरी याला फोन आला, की डॉक्टरांनी हात टेकलेत. हात टेकले म्हणजे गेले असं नव्हे, पण पलीकडचा नगरसेवक आपल्या आधी बोर्ड लावील या धास्तीनं त्याला पुढचं ऐकूच आलं नाही. अर्ध्या तासात चौकात बोर्ड उभा. हार आला. हा दुकानादुकानांतून फिरला आणि शटरं खाली ओढायला लावली. बचत गटाच्या बाया जमल्या, शाळा सोडून दिली, कुणीतरी माईक आणला. आणि त्या गर्दीत उभा राहून, जुन्या सवयीनं, हा मोबाइलवर लोकांचे फोटो काढत होता.

बारा वाजून गेल्यावर चेअरमनच्या मुलाचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, की वडील पेज पितायत, बोर्ड कुणी लावला.

मी माझ्या आयुष्यात त्याला पळताना फक्त त्या दिवशी बघितलं. बोर्ड उतरवून फ्लेक्सवाल्याकडे टाकला, घरात आला, कपडे पिशवीत कोंबले आणि नृसिंहवाडीची गाडी पकडली. तिथं एका धर्मशाळेत जाऊन राहिला. संध्याकाळी त्याच्या स्टेटसवर फोटो. घाटावर, पंचा नेसून, नदीत हात जोडून उभा. खाली लिहिलेलं, साहेबांच्या दीर्घायुष्यासाठी दत्तचरणी प्रार्थना. सकाळी साहेबांना मारलं आणि संध्याकाळी त्यांच्या आयुष्यासाठी देवाला साकडं घातलं. गाव हसलं. मीही हसले, आणि खरं सांगायचं तर ते चार-पाच दिवस घरात मला फार बरं वाटलं. हा आता संपला, असं मी धरून चालले होते.

चेअरमन घरी आले आणि आठवड्यानं बोलावणं आलं. तो मला म्हणाला, तूही चल. बाईमाणूस बरोबर असलं की हात उचलणार नाहीत, हा त्यामागचा विचार. बंगल्याच्या व्हरांड्यात चेअरमन शाल पांघरून बसले होते, खूप वाळलेले. पुढच्या हिरवळीवर फ्लेक्सवाल्याकडून मागवलेला तो बोर्ड उलगडून पसरला होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून कडांवर कुंड्या ठेवल्या होत्या. काठी टेकत ते उठले आणि बोर्डाभोवती एक चक्कर मारून आले. माझा नवरा गुडघ्यापर्यंत वाकून उभा.

"फोटो कुणी केलाय?" त्यांनी विचारलं.

"हिनं," तो लगेच म्हणाला. इतक्या वर्षांत माझ्या कामाचं श्रेय त्यानं मला दिलं ते हे असं.

चेअरमननी माझ्याकडे बघितलं. "डोळ्याखालचं काळं काढलंस व्हय गं? बरं केलंस. आता हाच फोटो ठेवा." मग ते परत खुर्चीत बसले आणि त्याला विचारलं, "दुकानं कुणी बंद केली?"

"आपोआप झाली, साहेब. लोकांनीच केली."

त्यांचा चेहरा उजळला. मेल्यावर काय होईल ते जितेपणी बघायला मिळालेला माणूस, आणि त्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की कोण कोण आलं होतं. पलीकडच्या गटातलं कोण होतं, बायका किती होत्या, आपल्यातलं कोण आलं नाही. आणि माझ्या नवऱ्यानं खिशातून मोबाइल काढला. गर्दीचे सगळे फोटो त्यात होते. तो त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला आणि एकेक फोटो बोटानं सरकवत, मोठा करत दाखवायला लागला. हा रडत होता साहेब. हा उशिरा आला. हा कडेनं गेला, थांबला नाही. मी तिथंच उभी होते. मला कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

एका फोटोवर चेअरमननी त्याचा हात थांबवला. बोर्डापासून जरा दूर, चहाच्या गाड्याजवळ एक माणूस हातात ग्लास घेऊन हसत होता. तो आमच्या शेजारणीचा नवरा, काट्यावरचा कारकून. "हा आपल्याच कारखान्याचा न्हवं?" चेअरमन म्हणाले.

मी बोलले. म्हटलं, साहेब, तो साधा माणूस आहे, चहावाल्याच्या कशाला तरी हसला असेल. चेअरमननी मान डोलावली, जणू त्यांना पटलंय. माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्याच ताटात थुंकलेय. मग तो त्यांना हळू आवाजात म्हणाला, "पहिल्यापासूनच जरा तसा हाय, साहेब."

महिन्याभरात दोन गोष्टी झाल्या. शेजारणीच्या नवऱ्याची गगनबावड्याकडच्या, कारखान्याच्या ऊस गट ऑफिसला बदली झाली आणि माझा नवरा उपनगराध्यक्ष झाला. त्याला ते पद का मिळालं, याची गावात बरीच चर्चा झाली. मला त्यात गूढ काही वाटलं नाही. एकदा इतकं घाबरलेला माणूस जन्मभर पायाशी बसतो, हे चेअरमनना माहीत होतं, आणि त्यांना तसाच हवा होता.

मी त्याला सांगितलं, यापुढं तुमचा एकही बोर्ड मी करणार नाही. मला वाटलं होतं, त्याचं अडेल. काही अडलं नाही. कोल्हापुरातल्या एका दुकानातून दुप्पट चकचकीत बोर्ड यायला लागले. त्यात त्याला ओठांना लाली आणि कानामागं सूर्य होता. तो मला म्हणाला, बघ, ह्याला म्हणत्यात काम. मी पासपोर्ट साइज फोटो, शाळेची ओळखपत्रं आणि कुणी गेलेल्या माणसाचा फोटो करून मागितला तर तो, एवढंच करत राहिले. सौजन्याची ओळ काढून टाकली. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, कारण फ्रेमा पोचवायला त्याला आता वेळ नव्हता.

शेजारीण माझ्याशी बोलायची बंद झाली. तिचा नवरा महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा, तिकडच्या पावसात सादळलेला, खोकत. दोन पावसाळे गेले. मग चेअरमन खरंच गेले, घरीच, झोपेत. बातमी आली तरी दुपारपर्यंत एकही शटर खाली आलं नाही. जो तो म्हणत होता, आधी कुणीतरी बघून या. माझा नवरा स्वतः बंगल्यावर जाऊन, पायाला हात लावून, खात्री करून आला आणि मग बोर्ड लावला. पंधरा दिवसांत तो चेअरमनच्या मुलाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेला दिसायला लागला. मी त्याला म्हटलं, आता तरी समोरच्यांना परत आणा. तो म्हणाला, कुणाला? तो विसरला होता. ज्यांनी बदली केली ते गेले, का केली ते कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळं ती रद्द करायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

या खेपेला आरक्षणाची सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. तो पेढे घेऊन घरी आला. माझ्यापुढे खोका धरला आणि म्हणाला, हात जोडून एक फोटो काढून ठेव. मी नाही म्हटलं. त्याला वाटलं मी लाजतेय. दुसऱ्यांदा नाही म्हटलं, तेव्हा त्यानं पेढ्यांचा खोका फ्रीजवर ठेवला आणि चपला घालून समोरच्या घरात गेला. त्या दारातलं तुंबलेलं पाणी त्यानं उडी मारून ओलांडलं, मी खिडकीतून बघितलं. तासाभरानं हसत बाहेर आला. तिच्या नवऱ्याला परत आणतो, असं वचन देऊन त्यानं तिला उभं राहायला तयार केलं होतं. कुणाच्या गळ्यात कुठली दोरी अडकवायची, हे त्याला बरोबर कळतं. त्याच्या अंगात तेवढी एकच हुशारी आहे.

चार दिवसांनी ती फोटोला आली. नवऱ्याच्या बदलीनंतर पहिल्यांदा माझ्या उंबऱ्याच्या आत. स्टुलावर बसली, पदर सारखा केला. मी दिवे लावले. आधी तीच बोलली.

"वैनी, तुमची जागा घेतली म्हणून राग आला न्हाई न्हवं?"

मी म्हटलं, ती जागा मला नकोच होती.

"मलाबी नको हुती," ती म्हणाली. "पण माणूस खोकून खोकून मरंल तिकडं. त्यापेक्षा हे बरं." मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्या धन्यानी हात जोडून फोटो काढा म्हणून सांगितलंय. मी काय हात जोडणार न्हाई. नुसती बसते."

मी तिला तशीच काढली. मांडीवर हात, समोर सरळ नजर, डोळ्यांखाली आहे तेवढं काळं. तो फोटो बघून माझा नवरा खवळला, उमेदवार आहे का फिर्यादी असं म्हणाला, दुसरा काढायला लावत होता. ती हलली नाही. छपाईची वेळ गेली आणि तोच फोटो बोर्डावर गेला. ती निवडून आली, याच्या अंदाजापेक्षा जास्त मतांनी. पुढच्या महिन्यात तिचा नवरा काट्यावर परत आला. खोकला अजून आहे.

आता रोज सकाळी नवाच्या सुमाराला माझा नवरा कागदांची चवड घेऊन समोर जातो आणि तिच्या घराच्या पुढच्या सोप्यात खुर्ची टाकून बसतो. कशावर सही करायची ते सांगतो. सुरुवातीला आवाज फक्त त्याचा यायचा. हल्ली तिचाही येतो, आणि तो चढा असतो. परवा तिनं त्याचे सगळे कागद ठेवून घेतले, वाचून देते म्हणाली. तो रिकाम्या हातानं परत आला, स्टुडिओच्या दारात उभा राहिला आणि मला म्हणाला, "तुझी मैत्रीण हाय, जरा समजावून सांग तिला."

माझ्यापुढे शाळेतल्या मुलांची ओळखपत्रं होती. मी त्याला म्हटलं, दारातून बाजूला व्हा, उजेड अडतोय.